वाळवंटाचे छायाचित्र आणि कथनाचा काळ

छायाचित्राला क्रियापद नसते. त्यात कर्ता असतो, कर्म असते, क्वचित क्रियेचा ऐन क्षणही पकडलेला असतो. पण क्रियेचा काळ सांगणारा प्रत्यय छायाचित्रापाशी नसतो. विहिरीवर वाकून पाणी काढणारा एक तरुण चित्रात दिसतो. त्याने पाणी 'काढले', तो पाणी 'काढतो' की पाणी 'काढीत असे', हे चित्र स्वतः सांगत नाही. ते सांगते चित्राखालची ओळ, ते चित्र ज्या ग्रंथात येते त्या ग्रंथाचे कथन किंवा ते ज्या दालनात टांगले जाते त्या दालनाची मांडणी. मराठीत व्याकरणातील काळ आणि इतिहासातील काळ या दोहोंसाठी एकच शब्द आहे, ही केवळ योगायोगाची गोष्ट मानता येणार नाही. जुन्या छायाचित्रांचा इतिहासाची साधने म्हणून विचार करताना या दोन काळांचे परस्परांशी असलेले नाते तपासणे अगत्याचे ठरते. अरबस्तानच्या दक्षिणेकडील रुब अल्-खाली या वाळवंटाची विल्फ्रेड थेसिजर यांनी घेतलेली छायाचित्रे हे अशा तपासणीचे एक उत्तम क्षेत्र आहे. एकाच चित्रसंग्रहाला गेल्या काही दशकांत दोन परस्परविरोधी काळ बहाल करण्यात आले, आणि या दोन्ही काळांत चित्रांतील माणसांचा स्वतःचा काळ मात्र हरवला.

थेसिजर यांचा जन्म १९१० साली आदिस अबाबा येथे झाला; त्यांचे वडील तेथे ब्रिटनचे राजदूत होते. ऑक्सफर्डमधील शिक्षण आणि सुदानमधील प्रशासकीय नोकरी यांनंतर १९४५ ते १९५० या काळात त्यांनी दक्षिण अरबस्तानात प्रवास केला. रुब अल्-खाली म्हणजे 'रिकामा चतुर्थांश'. सुमारे साडेसहा लाख चौरस किलोमीटरांचा, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा असा हा वाळूचा प्रदेश. बर्ट्रम टॉमस यांनी १९३०-३१ मध्ये आणि हॅरी सेंट जॉन फिल्बी यांनी १९३२ मध्ये तो ओलांडला होता. थेसिजर यांनी तो दोनदा ओलांडला: प्रथम १९४६-४७ च्या हिवाळ्यात आणि पुन्हा १९४८ च्या आरंभी. १९३४ पासून त्यांच्यापाशी एक लायका कॅमेरा होता. वाळूपासून बचाव व्हावा म्हणून तो बकऱ्याच्या कातड्याच्या पिशवीत ठेवलेला असे. आयुष्यभरात त्यांनी घेतलेल्या सुमारे ३८,००० छायाचित्रांच्या निगेटिव्ह त्यांच्या मृत्यूनंतर, २००४ साली, ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाकडे आल्या. त्यांतील अरबस्तानची कृष्णधवल छायाचित्रे विशेष प्रसिद्ध आहेत. वाळूच्या कडांवरून जाणारी उंटांची रांग, विहिरीभोवतीची गर्दी, विस्तवाभोवती बसलेली माणसे, बंदूक मांडीवर घेतलेला तरुण, ही या चित्रांची नेहमीची विषयसामग्री होय.

छायाचित्राचे वेगळेपण रोलाँ बार्थ यांनी १९८० सालच्या आपल्या ग्रंथात साक्षीच्या कल्पनेने स्पष्ट केले. चित्रात जे दिसते ते कधीतरी कॅमेऱ्यासमोर खरोखर होते, ही ती साक्ष. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर छायाचित्राची स्वाभाविक साक्ष साध्या भूतकाळाची असते. एक गोष्ट एकदा, एका ठिकाणी, एका माणसाच्या बाबतीत घडली. परंतु मानववंशशास्त्राच्या आणि प्रवासवर्णनांच्या परंपरेत अशा चित्रांखाली जी वाक्ये येतात, ती साध्या भूतकाळात क्वचितच असतात. ती 'येथील लोक असे पाणी काढतात' किंवा 'येथील लोक असे पाणी काढीत असत' अशा धाटणीची असतात. पहिला प्रयोग रीतीचा वर्तमान, दुसरा रीतिभूतकाळ. दोन्हींत एकदा घडलेल्या घटनेची सवय होते, आणि विशिष्ट माणसाचा नमुना होतो. योहानेस फाबियान यांनी १९८३ साली मानववंशशास्त्रावर घेतलेला आक्षेप नेमका याच ठिकाणी लागू पडतो. अभ्यासक आणि अभ्यासविषय झालेली माणसे प्रत्यक्षात एकाच काळात एकमेकांसमोर बसलेली असतात. लेखनात मात्र अभ्यासक आपल्या काळात राहतो आणि समोरच्यांना दुसऱ्याच, काळाबाहेरच्या काळात ढकलून देतो. फाबियान यांनी हे लेखनाविषयी दाखविले. छायाचित्राच्या बाबतीत ही क्रिया अधिक बेमालूमपणे घडते, कारण तेथे ढकलण्याचे काम चित्राखालची एखादी ओळच करून जाते आणि वाचक ते चित्रातच पाहिल्यासारखे मानतो.

या दृष्टीने प्रथम एक साधा प्रश्न विचारावयास हवा. या चित्रांत दैनंदिन जीवन दिसते असे म्हटले जाते, ते नेमके कोणाचे? थेसिजर यांचा तांडा हा निवडक पुरुषांचा, वेगाने जाणारा आणि शक्य तितके कमी ओझे बरोबर घेतलेला तांडा होता. त्यात कुटुंबे नव्हती. वैऱ्याची टोळी वाटेत भेटण्याची शक्यता धरून तो चाले. त्यामुळे चित्रांत दिसणारे जेवण हे प्रवासातील जेवण आहे, झोप ही प्रवासातील झोप आहे आणि मैत्री ही प्रवासातील मैत्री आहे. तंबूतील संसार, बायकांचे विणकाम, शेळ्यांची राखण, बाळंतपणे आणि आजारपणे, लग्ने आणि वाटण्या यांचा मोठा भाग या चौकटींबाहेर राहिला. पहिल्या सफरीत तर लिवाच्या मरूद्यानाजवळ पोहोचूनही परकी, ख्रिस्ती व्यक्ती आल्याची वार्ता फुटू नये म्हणून थेसिजर यांना काही दिवस वाळूतच उपाशी थांबावे लागले. सोबती अन्न आणण्यासाठी वस्तीत गेले. वस्ती त्या खेपेस त्यांना दिसली नाही. खजुराच्या बागा, घरे, बाजारहाट असलेले ठिकाण अदृश्य राहिले आणि त्याच्या उंबरठ्यावरील वाळू तेवढी नजरेपुढे राहिली. प्रवासाची रीत ही जीवनाची रीत म्हणून वाचली जाण्याची सुरुवात अशा बारीकसारीक कारणांतून होते. भटक्या माणसालाही घर असते, ही गोष्ट भटकंतीच्या चित्रांतून कळत नाही.

दुसरा प्रश्न चौकटीच्या आतील वस्तूंचा आहे. काळाबाहेरचे म्हणून ज्या जीवनाकडे पाहिले जाते, त्याच्या अंगाखांद्यावर काळाच्या खुणा ठिकठिकाणी दिसतात. चित्रांतील तरुणांच्या हातांत असलेल्या बंदुका कारखान्यांत तयार झालेल्या आहेत, त्यांच्या कमरेच्या पट्ट्यांत काडतुसे आहेत. सोबत्यांना मेहनताना दिला जाई तो मारिया थेरेसाचे चित्र असलेल्या चांदीच्या नाण्यांत. युरोपातील टांकसाळींतून निघालेले हे नाणे तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवर दीर्घकाळ चालत होते. आखाताच्या किनाऱ्यावर मात्र रुपया चाले. हिंदुस्थानचा रुपया हे तेथील रोजचे चलन होते. १९५९ मध्ये त्या प्रदेशासाठी वेगळा आखाती रुपया काढण्यात आला आणि १९६६ पर्यंत त्याची सद्दी टिकली. किनाऱ्यावरील बंदरांत तांदूळ आणि कापड मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानातून येई, आणि आखातातील मोत्यांचा व्यापार मुंबईच्या बाजाराशी बांधलेला होता. जपानी कल्चर मोत्यांमुळे आणि जागतिक मंदीमुळे १९३० च्या दशकात हा व्यापार कोसळला, तेव्हा किनाऱ्यावरील दारिद्र्य वाढले. म्हणजे थेसिजर यांच्या चित्रांत जो काटकपणा दिसतो, त्यातील काही भाग वाळवंटाच्या सनातन कठोरपणाचा असेल, तर काही भाग नुकत्याच कोसळलेल्या बाजारपेठेच्या छायेतला आहे. चित्र या दोहोंत फरक करीत नाही. तो फरक इतिहासकाराने करावयाचा असतो.

स्वतः छायाचित्रकार तेथे कसा पोहोचला, हाही याच प्रश्नाचा भाग आहे. थेसिजर यांना १९४५ मध्ये दक्षिण अरबस्तानात जाता आले ते टोळनियंत्रणाच्या सरकारी यंत्रणेमुळे. टोळांच्या पैदाशीची ठिकाणे शोधण्याचे काम त्यांच्याकडे होते. टोळधाडीची व्याप्ती आफ्रिकेपासून थरच्या वाळवंटापर्यंत असल्याने या कामाला युद्धकाळातील अन्नपुरवठ्याच्या दृष्टीने महत्त्व आले होते. सफरीचा आरंभ सलाला येथून झाला, आणि तेथे ब्रिटिश वायुदलाचा तळ होता. वाचकाच्या स्मरणात मात्र उंट आणि वाळू राहते. विमानाने आलेला प्रवासी आणि त्यामागचे खाते राहत नाही. एक वस्तुस्थिती तर याहून बोलकी आहे. दुसऱ्या सफरीच्या काळातील खुद्द थेसिजर यांची अरबी वेशातील छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. तांड्यात दुसरा युरोपीय माणूस नव्हता. म्हणजे ती घेताना कॅमेरा कोणातरी सोबत्याच्या हाती होता. यंत्रयुगाबाहेरचा म्हणून ज्याचे चित्र काढले जात होते, तोच कधीमधी यंत्राचे बटण दाबीत होता. अरबस्तानला कॅमेरा नवाही नव्हता. इजिप्तच्या सैन्यातील अधिकारी मुहम्मद सादिक बे यांनी मदिनेची छायाचित्रे १८६१ मध्येच घेतली होती, आणि मक्केतील वैद्य अब्द अल्-गफ्फार हे १८८० च्या दशकात आपल्या शहराची आणि यात्रेकरूंची छायाचित्रे घेत होते.

या सर्व खुणा चित्रांत आणि चित्रांभोवती उपलब्ध असताना ती कालातीत का वाटतात, याचे उत्तर चित्रांपेक्षा ग्रंथात शोधावे लागते. 'अरेबियन सॅण्ड्ज' हा थेसिजर यांचा ग्रंथ १९५९ साली प्रसिद्ध झाला. प्रवास संपून तेव्हा नऊ वर्षे झाली होती. प्रवास करताना ग्रंथ लिहिण्याचा त्यांचा विचार नव्हता. चित्रे आधी आणि कथन नंतर, हा क्रम महत्त्वाचा आहे. मधल्या काळात आखाताचे भवितव्य बदलले होते. अबू धाबीत तेलाचा शोध १९५८ मध्ये लागला, म्हणजे ग्रंथ प्रसिद्ध होण्याच्या आदल्याच वर्षी. पुढे काय होणार हे ठाऊक झालेल्या माणसाने मागे वळून लिहिलेला हा ग्रंथ आहे. त्याचा स्थायिभाव विलापिकेचा आहे. घेतली तेव्हा ती चालू प्रवासातील माणसांची चित्रे होती. ग्रंथात येताच ती नाहीशा झालेल्या जगाची चित्रे झाली. निगेटिव्ह बदलली नाही; क्रियापदाचा काळ बदलला. थेसिजर यांच्या पुढील एका ग्रंथाला अमेरिकेतील आवृत्तीत 'शेवटचा भटक्या' अशा अर्थाचे नाव देण्यात आले, यावरून या विलापिकेला केवढी मागणी होती हे कळते. आणि 'शेवटचा' हे विशेषण त्या नावात वाळवंटातील माणसांना नव्हे, तर प्रवाशालाच जाऊन चिकटले, हेही नजरेआड करता येत नाही.

विलापिकेचा तर्क असा असतो की, जे गेले ते नेहमी तसेच होते आणि एका क्षणी संपले. पहिल्या सफरीतील उरूक अल्-शैबा या वाळूच्या प्रचंड डोंगरांचे उदाहरण येथे घेता येईल. उंटांना त्या चढणींवरून नेताना झालेल्या हालांचे वर्णन हा ग्रंथाचा एक उत्कर्षबिंदू आहे. वाटाड्या मुहम्मद अल्-औफ होता. त्याने हा प्रदेश त्याआधीच एकट्याने पार केला होता, असे ग्रंथच सांगतो. 'शोध' या शब्दाचा अर्थ त्या एका उल्लेखाने केवढा आकसतो! याच शैबाच्या परिसरात १९६८ मध्ये तेलाचा मोठा साठा सापडला आणि १९९८ पासून तेथून उत्पादन सुरू झाले. विलापिकेच्या वाचनात हा एका काव्याचा अंत ठरतो. वस्तुतः वाळूखालचे तेल आणि वाळूवरची उंटांची वाट ही दोन्ही १९४६ मध्ये एकाच जागी होती. तेलाच्या सवलतींसाठी चाललेली चढाओढ आणि तीतून उद्भवलेले सीमावाद यांची सावली थेसिजर यांच्या नंतरच्या प्रवासांवर पडलेलीच होती. चित्रातील रिकामेपणा हा भूगोलाचा जेवढा आहे, तेवढाच चौकटीचाही आहे.

चित्रांच्या आयुष्याचा दुसरा टप्पा याच्या अगदी उलट दिशेने जातो. थेसिजर १९७७ साली ओमान आणि अबू धाबी येथे परत गेले, तेव्हा मोटारी आणि इमारती पाहून ते अत्यंत निराश झाले. पुढे १९९० मध्ये त्यांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन अबू धाबीत भरले. त्या वेळी झालेले बदल अटळ होते, हे त्यांनी काहीसे स्वीकारले आणि ग्रंथाच्या नंतरच्या आवृत्तीच्या प्रास्ताविकात तसे नमूदही केले. ज्या देशात त्यांना सर्वनाश दिसला होता, त्याच देशाने त्यांची चित्रे आपली म्हणून जवळ केली. अल्-ऐन येथील जाहिली किल्ल्यात त्यांच्या प्रवासांना आणि छायाचित्रांना वाहिलेले स्थायी दालन आहे. सोबत्यांनी ठेवलेले 'मुबारक बिन लंडन' हे त्यांचे नाव तेथे आत्मीयतेने घेतले जाते. थेसिजर १९४८ मध्ये बुरैमीच्या परिसरात शेख झायद यांना भेटले होते, त्यांची छायाचित्रे त्यांनी घेतली होती. हेच झायद १९६६ मध्ये अबू धाबीचे शासक आणि १९७१ मध्ये संयुक्त अरब अमिरातींचे पहिले अध्यक्ष झाले. त्यामुळे युरोपीय वाचकाला जी चित्रे शेवटाची वाटली, ती या राष्ट्राला आरंभाची वाटावीत, हे स्वाभाविकच आहे. येथे चित्रांखालील अदृश्य वाक्य रीतिभूतकाळात असते: आपले पूर्वज असे राहत असत, एवढे सोसत असत, आणि म्हणून आजचे वैभव आपल्याला शोभते. 'अरेरे'च्या जागी 'धन्य' आले. वाक्यरचना मात्र तीच राहिली.

या दोन वाचनांमध्ये एक समान वगळणूक आहे. एकात वाळवंटातील माणसे शेवटची ठरतात, दुसऱ्यात पहिली; मधला काळ त्यांना कोठेच मिळत नाही. इतिहास घडतो तो या मधल्या काळात. टोळ्यांमधील वैरे आणि तह, पावसाने पाठ फिरविल्यावर बदललेल्या वाटा, आखल्या जाणाऱ्या सीमा, १९५२ ते १९५५ या वर्षांतला बुरैमीचा संघर्ष, उंट विकून मालमोटार घेण्याचा किंवा तेल कंपनीत पगारावर जाण्याचा निर्णय, त्या निर्णयाविषयी घराघरांतून झालेले मतभेद, या सर्वांचे कर्ते हेच लोक होते. विलापिका त्यांना केवळ बळी करते; राष्ट्रगौरव त्यांना केवळ पूर्वज करते. अब्द अल्-रहमान मुनीफ यांनी १९८४ मध्ये सुरू केलेल्या 'मिठाची शहरे' या अर्थाच्या नावाच्या कादंबरीमालेचे महत्त्व या संदर्भात जाणवते. तेलाच्या आगमनाने उद्ध्वस्त होणारे मरूद्यान तेथेही आहे, आणि हानीची जाणीवही तीव्र आहे. पण तेथील माणसे तर्क करतात, अफवा पसरवितात, चुकतात, विरोध करतात, नोकरी धरतात आणि सोडतात. त्यांना काळ आहे. छायाचित्राच्या आधाराने लिहिलेल्या विलापिकेला जे साधत नाही ते कादंबरीला साधते, याचे एक कारण कादंबरीपाशी क्रियापदे असतात, हे होय.

तथापि थेसिजर यांच्या चित्रांची संभावना केवळ प्राच्यवादी नजरेचा आणखी एक दाखला म्हणून करणे हे अन्यायाचे होईल, आणि अभ्यासाच्या दृष्टीने आळसाचेही. एडवर्ड सैद यांच्या १९७८ सालच्या ग्रंथानंतर असा निवाडा देणे सोपे झाले आहे. पण निवाडा दिल्याने चित्र वाचून होत नाही. 'द पीपल ऑफ इंडिया' या १८६८ ते १८७५ या काळात निघालेल्या आठ खंडांतील वसाहतकालीन चित्रांशी तुलना केली तर फरक ध्यानात येतो. तेथे चित्राखाली बहुधा जातीचे किंवा जमातीचे नाव येते. समोरचा माणूस त्या नावाचा नमुना असतो. थेसिजर यांच्याकडे सालीम बिन कबीना आहे, सालीम बिन गबैशा आहे. ग्रंथ त्या दोघांनाच अर्पण केलेला आहे. बिन कबीना भेटला तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचा होता. पुढच्या वर्षांतील चित्रांत तो मोठा होत जातो, त्याचा चेहरा भरतो. एकाच माणसाची अनेक वर्षांतील अनेक चित्रे एकापुढे एक ठेवली की 'येथील लोक' ही संज्ञा गळून पडते आणि साधा भूतकाळ परत येतो. कर्त्याला नाव मिळाले की क्रियेला तारीख मागता येते. रीतीला नाव सोसत नाही.

येथूनच अशा चित्रसंग्रहांच्या वाचनाची पद्धती सुचते. निवडून छापलेल्या एकाकी चित्राऐवजी निगेटिव्हची मूळ क्रमवार पट्टी पाहावी, म्हणजे निवडीपूर्वी आणि निवडीनंतर काय होते ते कळेल. चित्राची तारीख आणि त्याखालच्या ओळीची तारीख या दोन स्वतंत्र तारखा मानाव्यात. चित्रातील वस्तूंना त्यांच्या बाजारपेठांपर्यंत मागे न्यावे. नावे असतील तेथे ती जपावीत. नसतील तेथे त्यांची जागा जमातीच्या नावाने भरू नये, रिकामी ठेवावी. आणि शेवटी, चित्रातील माणसांच्या वारसांनी त्या चित्राविषयी काय म्हटले आहे, ते चित्राच्या अर्थाचा भाग समजावे, पुरवणी समजू नये.

विहिरीवर वाकलेला तरुण 'पाणी काढीत असे' असे म्हटले की त्याच्यामागे एक संपूर्ण, शांत, आपल्याला हवे तसे वापरता येणारे जग उभे राहते. 'त्याने त्या दिवशी त्या विहिरीतून पाणी काढले' असे म्हटले की प्रश्न उभे राहतात: विहीर कोणाच्या टोळीची होती, पाणी किती खोल गेले होते, पहाऱ्यावर कोण उभे होते, आणि त्या तरुणाला उद्या कोठे जावयाचे होते. छायाचित्र या प्रश्नांची सर्व उत्तरे देणार नाही. पण ते विचारण्याचा अधिकार त्याच्या साक्षीतच आहे, आणि चित्राखालच्या ओळीने तो काढून घेऊ नये, एवढे पाहणे हे इतिहासाच्या आणि समीक्षेच्याही अभ्यासकाचे काम आहे.